दगडातली बाजू

हाड होतं. कवटीत, डाव्या डोळ्याच्या खाली, नखाच्या तुकड्याएवढं, वाकडं. ताईंनी चष्मा पुसला, स्क्रीन उजळ केली, तरी ते जागचं हललं नाही.

आजच्या सापांना गालाचं हाड नसतं. ताईंच्या ताब्यातली कवटी मात्र फार जुन्या सापाची होती, सापांना मागचे पाय शिल्लक होते तेव्हाच्या. त्याला हे हाड होतं की नव्हतं, यावर मोठा वाद अडला होता. हाड नसेल तर सापांचे पूर्वज जमिनीखाली किडेमुंग्या टिपणारे इवलेसे जीव, असेल तर मोठ्या तोंडाचे शिकारी. कवटीची उजवी बाजू दगडातून स्वच्छ सुटली. डावी दगडातच राहिली. अशा वेळी या कामातले सगळे करतात तेच ताईंनी केलं. मिळालेली बाजू उलटवली आणि दुसरीकडे जोडली. उजवीकडे हाड नाही, म्हणजे डावीकडेही नाही. चित्र झकास जुळलं आणि ताईंचं नाव झालं.

आडवी आली ती एकटी धाकटी. ताईंची सख्खी बहीण, त्याच संग्रहालयात काम करणारी.

"उजवीकडचं गळून पडलं असेल, ताई. डावी बाजू बघितल्याशिवाय बोलू नकोस ना," ती भर बैठकीत म्हणाली.

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरी तुझे लाड झाले, इथे होणार नाहीत," त्यांनी सुनावलं. सगळे हसले. धाकटीनं नोकरी सोडली, शहर सोडलं आणि ताईंशी बोलणंही सोडलं. ताईंनीही कधी फोन केला नाही. आपल्याला तिचं तोंड बघायचं नाही, म्हणजे तिलाही आपलं बघायचं नसणार, असा त्यांचा सरळ हिशेब.

आता दगडाच्या आत बघणारं नवं यंत्र आलं होतं आणि त्यानं ताईंना तोंडघशी पाडलं होतं. त्यात धाकटीच्या नवऱ्याचा फोन. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचा गेली होती, पण ऐकू येत होतं, कळत होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ताईंनी कवटीचं नवं चित्र छापून घेतलं आणि मिळेल ती गाडी पकडली.

हॉस्पिटलच्या खोलीत दाराच्या बाजूला, पलंगाला लागूनच खुर्ची होती. ताई तिच्यावर टेकल्या. धाकटी उताणी पडली होती, डोकं दोन उशांमध्ये बसवलेलं, तोंड छताकडे. किती वाळली होती ती!

"हाड होतं गं," त्या म्हणाल्या. "तुझंच बरोबर होतं. मी चुकले. चारचौघांत तुला बोलले, तेही चुकले." त्यांनी चित्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

धाकटीचा चेहरा ढिम्म. ओठाचं टोक खाली ओढलेलं, नको असलेलं माणूस दारात आल्यासारखं. ताईंनी तिचा हात हातात घेतला. तो नुसता पडून राहिला. बोटांनी साधा दाबही दिला नाही.

ताईंना रडू फुटलं. मरणाच्या दारातही माफी नाही म्हणजे राग किती खोल गेला असेल! आणि तिनं का करावं माफ? उशीर कुणी केला? त्यांनी हात अलगद पांघरुणावर ठेवला, डोळे पुसले आणि त्या उठल्या.

तेवढ्यात धाकटीचा नवरा औषधं घेऊन आत आला.

"हे काय, निघालात?"

"तिला मी नको आहे," ताई म्हणाल्या. "तोंडावरच दिसतंय तिच्या."

तो गोंधळला. पलंगाला वळसा घालून पलीकडे, खिडकीच्या बाजूला गेला आणि वाकला. पुन्हा वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"अहो ताई, तुम्ही लुळ्या बाजूला बसलात," तो म्हणाला. "इकडे या. इकडून हसतेय ती."