फुंकर

पाळण्याभोवती बायका दाटीनं बसल्या होत्या. पाळण्यात शालूचं बारा दिवसांचं लेकरू, कापसाच्या गादीवर. अंगावर जुन्या धोतराचा मऊ तुकडा. शालू दोरी धरून बसली होती. पण तिची नजर बायकांच्या हातांवर होती. बांगड्यांवर. नखांवर.

नणंद मीना आत्ताच अंबडहून एसटीनं आली होती. बाळाची आत्या, नाव तीच ठेवणार. पिशवीतून चांदीचे वाळे काढत ती पाळण्यावर वाकली.

"उचलू नका, ताई!" शालूचा आवाज फाटला.

"काहून? काचेचंय का वैनी तुझं लेकरू?"

बायका हसल्या. मीनाचा हात बाळाच्या बगलेकडं गेला. सासू झुंबरबाईनं लेकीचं मनगट पकडलं.

"थांब, मीने." तिनं आपला उजवा तळवा लेकीपुढं धरला. "ह्याच हातानं तेल लावलं म्या, सहाव्या दिशी. जोर न्हाई केला. तुला चोळलं व्हतं तसंच. पाठीची कातडी सायीवानी हाताला आली."

हसू जागीच थांबलं.

"जालन्याच्या डॉक्टरीनबाई म्हन्ल्या, आजी, गोधडी शिवता ना तुमी? कातडीचा थर थराला धरून ठिवायला पोटातच बारीक टाके पडत्यात. ह्याचे कच्चे पडले."

"मंग मारायचे की पुन्यांदा," मीना म्हणाली.

"आपल्यापाशी न्हाई ती सुई."

टोपडं घातलेला वरवंटा पाटावर तयार होता. रीतीप्रमाणं आधी तो पाळण्याच्या खालून-वरून फिरायचा, मग लेकरू. झुंबरबाईनं तो मीनाच्या ओंजळीत दिला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. दगड या हातातून त्या हातात गेला. प्रत्येकीनं त्याला छातीशी घट्ट धरलं, मुका घेतला. फेरा संपला. लेकराची पाळी आली, तर वरवंटाच पुन्हा फिरला.

मीनानं वाळे उशाला ठेवले. लांबूनच नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत बुक्का मारायला एकीचाही हात उठला नाही.

तेवढ्यात एक माशी आली आणि बाळाच्या गालावर बसली.

शालूचा हात वर गेला, तसाच हवेत राहिला. इतक्या साऱ्या बायका, पण एकही हात पुढं झाला नाही.

झुंबरबाईनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. वाकली. श्वास आवरून हलकीच फुंकर घातली.

माशी उडाली. पाळण्याच्या दोरीवर जाऊन बसली. सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या.