अडनिड्या मापाचं टायर

अल्लाबक्षनं नाक्यावरच्या आपल्या टायरच्या दुकानातून जीपचं एक टायर गडगडवत आणून पोपटसमोर उभं केलं आणि वरून थाप मारली.

"हे घाल पुढं. जोडी हाय. स्वस्तात पडंल."

पोपटनं टायरला हातसुद्धा लावला नाही. त्याचा जपानी ट्रॅक्टर लहानखुरा, पण चारही चाकांनी ओढणारा. "चाचा, मागल्या साली एकाच्या जीपची टायरं घालून बघितली. पुढची चाकं मोठी पडली. पुढची म्हणायची मी आधी, मागची म्हणायची मी. मधल्यामधी गिअरबॉक्स रडाया लागला."

"म्हंजी मापाचंच पायजे."

"व्हय."

"मग मुंबईहून नवं मागवावं लागंल. त्यात दिवस जातील, आन् भाव ऐकून तू ट्रॅक्टरच माझ्या दारात सोडून जाशील."

बैलगाडीत बसलेली पोपटची बायको रंभा हसली. ट्रॅक्टरची पुढची चाकं त्यांच्या निमोणे गावाहून शिरूरला बैलांनीच ओढून आणली होती. अल्लाबक्षनं रिमवरून सोडवलेली जुनी टायरं गाडीच्या साट्यात पडली होती. हात फिरवला तर तुळतुळीत.

पोपटला मात्र हसू येईना. हस्ताच्या पावसानं रानं अशी भिजली होती, की मोठे ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतत होते. गावातले मोठे जमीनदार आनंदराव, त्यांचा तर दोन बैलजोड्या लावून बाहेर काढावा लागला. तेव्हा त्यांनी पोपटला निरोप धाडला, पेरणीआधी माझ्या रानाला तू कुळवाची पाळी घाल. त्याच रानात पोपटच्या बापानं, म्हाळूआप्पांनी, जन्मभर मजुरी केली होती. पोपटनं टायरांकडं न बघताच हो म्हणून टाकलं. आता वाफसा, ती पेरणीजोगी ओल, काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

रंभा पाणी प्यायला दुकानामागं गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अवो, जरा हिकडं या."

लिंबाखाली एक टायर आडवं पडलं होतं. त्यात भुसकट, आणि भुसकटावर एक कबरी कोंबडी अंडी उबवत बसलेली. त्याचा जोडीदार शेजारच्या भिंतीला टेकवलेला. दोन्हींचे दात शाबूत.

पोपटनं खिशातली मापाची सुतळी काढली आणि कोंबडीच्या टायराला वेढा घातला. कोंबडीनं त्याच्या मनगटाला दोनदा टोचलं, पण माप जुळलं.

"ते व्हय," अल्लाबक्ष म्हणाला, "कुणाच्या तरी मशीनचं. माप अडनिडं, कोण घेईना. म्हणून अम्मीनं कोंबड्यांना दिलं. आता तिलाच इचार."

त्याची आई, जन्नतबी, बाजेवर सुपात लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर न करता निकाल दिला. "पिल्लं निघू द्या. मग न्या."

"आज्जी, तवर वाफसा जाईल," पोपट काकुळतीला आला.

"वाफसा दर साली येतो. ही पयल्यांदाच बसलीय."

रंभा गाडीकडं गेली आणि आपलं एक तुळतुळीत टायर घरंगळत घेऊन आली. "आज्जी, ह्ये बी त्याच मापाचं हाय. तिला काय रान कुळवायचंय?"

जन्नतबीनं लसणाचं सूप बाजूला ठेवलं.

रंभानं कोंबडीला उचललं, तसा तिनं सगळा नाका डोक्यावर घेतला. ती भिंतीवर जाऊन बसली. रंभानं भुसकट आणि अंडी जुन्या टायरात जशीच्या तशी मांडली आणि सगळे मागं सरकले. पंक्चर काढायला कुणी सायकलवाला आला, त्याला अल्लाबक्षनं ओठांवर बोट ठेवून थोपवलं. सायकलवालाही मग तिथंच उभा राहून बघू लागला.

कोंबडी खाली उतरली. आधी रिकाम्या टायराभोवती फिरली, त्यात डोकावली. मग नव्या घराच्या काठावर चढली, एकेक अंडं चोचीनं सारखं केलं आणि पिसं फुलवून बसली.

जन्नतबीनं त्या टायरावरून हात फिरवला. "ह्ये तर मऊ हाय. पिलांच्या पायाला लागायचं न्हाई. आधीच का न्हाई आणलंस?"

अल्लाबक्षनं जोडीचा भाव सांगितला. पोपट घासाघीस करायच्या आत म्हातारीच कडाडली, "कोंबड्यांनी दोन वर्सं वापरलंय ते. नव्याचा भाव कसला करतोस? निम्मं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आनंदरावांच्या बांधाशी उभा राहिला. आनंदराव बाभळीखाली होते. म्हाळूआप्पा मागोमाग चालत आले, ट्रॅक्टरच्या टायरांकडं बघत राहिले.

"आप्पा, वर या," पोपटनं चाकावरच्या पत्र्यावर पोतं अंथरलं.

आप्पांनी पायातल्या चपला काढून बांधाखाली ठेवल्या.

"ऱ्हाऊ द्या की पायात."

"ह्या रानात कवा घालून आलोय?" आप्पा हसत म्हणाले आणि अनवाणीच वर चढले.

ट्रॅक्टर ओल्या रानात शिरला. कुठं अडला नाही, कुठं घसरला नाही. चारही चाकं एका चालीनं ओढत होती. आप्पांनी एका हातानं पत्रा घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं ते पोपटला रान दाखवत होते, हितं खडक लागंल, तिथं चिबड हाय, पाणी धरतंय, वाईच दमानं घे. पलीकडच्या टोकाला वळून ट्रॅक्टर पुन्हा बांधाच्या रोखानं येऊ लागला.

चपला नेमक्या फेरीच्या वाटेत होत्या. आनंदराव थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग चालत आले, वाकले, दोन्ही चपला उचलल्या आणि बाभळीच्या सावलीत नेऊन ठेवल्या.