नववी पायरी

देशातल्या दगडफुलांच्या सगळ्या जातींची नोंद असलेल्या जाडजूड पुस्तकाचं आज प्रकाशन होतं, म्हणून वनस्पती संशोधन संस्थेच्या दगडी पायऱ्या लख्ख घासायचं फर्मान निघालं. सफाईवाल्या मावशींनी आठ घासल्या आणि नववीवर येताच तारेचा ब्रश खाली ठेवला. संचालकसाहेब तणतणत आले. "पाहुणे येऊन ठेपतील आणि हा डाग तसाच?" "डाग नाही, दगडफूल आहे," मावशी म्हणाल्या. "सव्वीस वर्षं तुमच्या दगडफुलांच्या नमुन्यांच्या पुड्या मीच बांधते. असलं केशरी कडेचं माझ्या हाताखालून एकदाही गेलेलं नाही." साहेबांनी भिंग काढलं आणि कडक इस्त्रीच्या पँटीतच ओल्या पायरीवर गुडघे टेकले. केशरी कड चहूबाजूंनी निरखली. मग म्हणाले, "मावशी, पुस्तक प्रकाशनाआधीच जुनं झालं की हो!" त्यांनी शिपायाला सांगितलं, "पाहुण्यांना मागच्या दारानं आणा." मावशी ब्रश बंदुकीसारखा खांद्याला लावून नववीपाशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या.