बाण कुणाकडे

थोरलीच्या वहीतल्या अन्नसाखळीत गवत, नाकतोडा, बेडूक आणि साप ओळीनं बसले होते, पण सगळ्यांचे बाण उलटे.

"अगं, बाण खाणाऱ्याकडे काढायचा. ऊर्जा तिकडे जाते ना!" बाळाला पाजता पाजता पेंगुळलेली आई म्हणाली.

बाण खोडून थोरलीनं पुढच्या पानावर घरातली माणसं काढली. आईपासून बाळाकडे बाण, बाबांकडे बाण, थोरलीकडे बाण. आईला बरं वाटलं. आपण पार पिळून निघालोय, हे घरात कुणाला तरी दिसलं म्हणायचं.

"आणि मला कोण देतं गं?" तिनं मुद्दाम विचारलं.

"आजी!"

आजी म्हणजे आईची आई. महिनाभर मदतीला म्हणून आलेली, त्याला आता पाच महिने झाले होते. आत्ताही ती आत एका हातानं कंबर धरून बाळाची दुपटी पिळत होती. थोरलीनं तिला पानाच्या वरच्या कोपऱ्यात काढलं आणि पिवळ्याधमक रंगानं भरून टाकलं.

"अगं, आजीकडे येणारा बाण राहिला की."

 

"तो नसतोच, आई. सूर्याला कुणी काही द्यायचं नसतं."