इंडोनेशियाची बाई

माफी मागायची म्हणजे मागायची, असं गोजरबाई ट्रकमधून उतरतानाच ठरवून आली होती. हातात नारळ, डोक्यावर पदर आणि पोटात नुसती आग. मागं ओढ्याकाठी ट्रक उभा होता. त्यात तिच्या तमाशाच्या फडाची सगळी माणसं तोंडं सुकवून बसली होती.

राहुरीच्या खालच्या अंगाला असलेल्या या गावात भैरोबाच्या जत्रेचा तमाशा वर्षानुवर्षं तिचाच. इथं तिचा नारळ फुटला की आसपासची गावं आपसूक सुपारी घेऊन यायची. या सत्त्याण्णव सालच्या चैत्रात मात्र निरोप आला, तमाशा बंद. म्हणे पोरं बिघडतात. म्हणे आयाबहिणींना मान खाली घालावी लागते.

वा रे शहाणे! खरं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागल्या जत्रेत यात्रा कमिटीचा म्होरक्या श्रीमंतराव दौलतजादा द्यायला स्टेजवर चढला होता. कुणी खूश होऊन नाचणारीला नोट दिली की ती दौलतजादा. आणि मग देणाऱ्याचं नाव साऱ्या गावापुढं पुकारायचं, अशी तमाशाची रीत. श्रीमंतरावानं फडात नाचणाऱ्या शुभांगीला नोट दिली आणि तिचं मनगटच धरलं. पोरगी हसत हसत हात सोडवायला बघत होती. हा बाबा सोडीना. शेवटी गोजरबाई पुढं झाली आणि भर जत्रेत तिनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्या दिवसापासून तमाशा अश्लील झाला.

"बाईनं येऊन पाय धरले तर बघू," असा कमिटीचा मागाहून निरोप होता.

"मावशे, नगं जाऊस," शुभांगी निघताना म्हणाली होती. गोजरबाई तिच्यावरच खेकसली होती, "मग खायाचं काय? माती?"

आता देवळापुढं येऊन बघते तर काय! दरसाली जिथं तिचं स्टेज बांधायचे, तिथं टेबल मांडलेलं आणि टेबलावर मोठा रंगीत टीव्ही. सभामंडपाच्या छपरावर परातीवानी भली थोरली डिश. टीव्हीवर एक बाई गात होती, नाचत होती. अंगात चमचमता झगा, बोलणं कुठलं कुणास ठाऊक, पण मागं वाजत होती ती ढोलकी अगदी घरची वाटावी अशी. गोजरबाईचा पाय तिच्या नकळत ताल धरायला लागला.

"कुठली रं ही?" तिनं केबलवाल्या गहिनीनाथला विचारलं.

"इंडोनेशियाची. डिश जरा उगवतीकडं फिरवली की घावती. समदं गाव येडं झालंय बाई हिच्यापायी."

समोर सतरंजीवर अख्खी कमिटी बसली होती. पोरं बिघडतात म्हणून तमाशा बंद करणारी हीच ती माणसं, आपापली पोरं मांडीवर घेऊन टीव्हीत डोळे घालून बसली होती. गोजरबाईचं डोकं फिरलं. तरी तिनं ट्रकातली माणसं आठवली, राग गिळला आणि लोडाला टेकलेल्या श्रीमंतरावापुढं वाकली.

"श्रीमंतराव, मागल्या साली माझ्याकडनं..."

"थांब गं जरा," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "आधी हे बघ. शिक कायतरी."

टीव्हीत लोक एकेक करून वर चढत होते आणि बाईच्या हातात नोटा देत होते. अगं बाई, ही तर दौलतजादाच की! एक जाडजूड गडी वर आला. त्यानं नोट दिली आणि बाईचं मनगट धरलं. बाई गात राहिली, हसत राहिली. हात मात्र पिळून पिळून सोडवत होती. गडी सोडीना. सतरंजीवर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली.

ते हसू गोजरबाईला पक्कं ओळखीचं होतं. तरुणपणी ती स्वतः तसं हसली होती. शुभांगीही तशीच हसली होती.

"बघितलंस?" श्रीमंतराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "ह्याला म्हनत्यात कलावंत. हात धरला तरी हसतीया. तुझ्यावानी कानफटात मारत न्हाई. हां, माग आता माफी."

"ती कशी मारंल? तिच्या मागं कुनी उभं न्हाई," गोजरबाई म्हणाली.

तिनं हातातला नारळ भैरोबाच्या उंबऱ्यावर ठेवला. ओढ्याकडं एकदा पाहिलं. हे गाव गेलं, आसपासची गावं गेली, अवंदाचा हंगाम गेला, सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं पदर कमरेला खोचला, माघारी आली आणि श्रीमंतरावाच्या त्याच कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की लोड एकीकडं आणि तो एकीकडं.

हशा जागच्या जागी थांबला. मग जत्रेच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही माईकशिवाय ऐकू जायचा, तो आपला स्टेजवरचा आवाज गोजरबाईनं लावला:

"इंडोनेशियाच्या बाईंकडून, श्रीमंतरावांना, दौलतजादाऽऽ!"