पात्यातला बाक

तिसरा चाकूही वाकडाच निघाला.

धनाजीरावांनी तो गॅलरीच्या उजेडात धरला, डावा डोळा मिटला आणि पात्याच्या पाठीवरून टोकापर्यंत नजर नेली. मधोमध बारीकसा बाक. पहिल्या दोन चाकूंना होता तसाच. त्यांनी पातं मुठीत मिटवलं, चाकू मखमली डबीत परत ठेवला आणि खुर्चीत अंग टाकलं. पहिल्या खेपेला रागाने झोप उडाली होती. आता नुसता कंटाळा आला होता.

"परत पाठवायचा?" मुक्ताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"दुसरं काय करणार?"

"एवढ्या पैशात घरभर विळ्या आल्या असत्या."

चाकू भारी होता, यात वाद नव्हता. शिसवी मूठ, पितळी स्क्रू, अंगठ्याने जरासं ढकललं की अलगद उघडणारं पातं. डोंगर चढणारी हौशी मंडळी असले घडीचे चाकू कमरेला मिरवतात. धनाजीरावांना कुठला डोंगर चढायचाय! घणसोलीच्या सोसायटीचा जिना चढतानाच गुडघे कुरकुरत. त्यांनी चाकू मागवला तो कौतुकापोटी. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात तो बनायचा, तिथे शेवटची तपासणी निकेश भोईर करायचा. आणि निकेशला तपासणी शिकवली होती ती त्यांनीच.

तळवलीचा हा निकेश जुन्या कंपनीत त्यांच्या हाताखाली तयार झाला. 'आधी डोळा, मग गेज', म्हणजे मोजायचं यंत्र नंतर, हे त्यांनी त्याच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. पुढे कंपनीला टाळं लागलं, धनाजीराव घरी बसले, पण त्यांच्या नजरेचा दबदबा ठाणे-बेलापूर रोडवर अजून होता. त्यांनी एक शब्द टाकला आणि निकेशला ही नोकरी लागली. म्हणून तर जीव जास्त जळत होता.

हल्ली सरळ काम कुणाला जमतच नव्हतं. वर्षापूर्वी खिडकीला ग्रील बसवलं, त्याचे गज बाकदार. बसवणारा वर तोंड करून वाद घालत होता. बाथरूममधल्या टाइलांची रेघ तशीच पोट सुटलेली. मुक्ताबाईंना म्हणे त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. पण त्यांना भिंतीवरचं तिरकं कॅलेंडरही कधी दिसलं नव्हतं, तेव्हा तो विषय धनाजीरावांनी वाढवला नाही.

त्यांनी निकेशला फोन लावला.

"सर, मी सोता तीनदा बगितला," निकेश म्हणाला. "गेज पन लावला. सरल हाय."

"मग मी काय आंधळा आहे?"

निकेश हळू आवाजात म्हणाला, "नाय सर. तुमी बोलता तर असंल वाकडा. माजीच नजर कमी पडली."

धनाजीरावांना वाईट वाटलं. पोराच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. बारशाला ते आणि मुक्ताबाई जाऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मालक जयप्रकाश स्वतःच आला. त्याने चहा घेतला आणि चौथी डबी टीपॉयवर ठेवली.

"काका, हाही निकेशनेच पास केलाय. सरळ असेल तर विषय संपला. नसेल तर मला माणूस बदलावा लागेल. बाकीची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत, पण त्यांना काय कळतंय? तुम्ही सांगाल ते फायनल." मग त्याने बॅगेत हात घातला. "डायल गेज आणलंय. लावून बघायचं?"

"मी? आणि गेज लावू?" धनाजीराव म्हणाले.

जयप्रकाशने ओशाळून हात बाहेर काढला.

धनाजीराव चाकू घेऊन गॅलरीत गेले. सरळ असू दे रे देवा, असं ते मनातल्या मनात म्हणालेसुद्धा. डावा डोळा मिटला, नजर नेली. पुन्हा पुसून पाहिलं.

बाक होताच.

सरळ आहे म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? शब्द अगदी ओठांवर आला. पण जन्मात त्यांनी एकही वाकडी वस्तू पास केली नव्हती. कुणासाठीच नाही.

"वाकडा आहे," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

जयप्रकाशने तिथेच बसून निकेशला फोन केला. दोन वाक्यांत आटपलं.

"काय म्हणाला?" धनाजीरावांनी विचारलं.

"काही नाही. सरांना नमस्कार सांगा म्हणाला." जयप्रकाश उठला. "चाकू राहू द्या तुम्हालाच. हा आता विकणार कुणाला?"

तो गेला. थोड्या वेळाने मुक्ताबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या आणि एक लिंबू त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"वाकडा असला तरी लिंबू चिरेल ना?"

धनाजीरावांनी पातं उघडलं आणि लिंबू चिरलं. चिळकांडी उडाली ती थेट उजव्या डोळ्यात.

"चोळू नका हां! पाणी आणते," म्हणत मुक्ताबाई आत पळाल्या.

उजवा डोळा घट्ट मिटून धनाजीराव बसून राहिले. चाकू हातातच होता. डाव्या डोळ्याने त्यांनी कधी काही तपासलं नव्हतं. पण सवय कुठे जाते? नजर आपोआप पात्याच्या पाठीवरून टोकापर्यंत गेली.

पातं सुतासारखं सरळ होतं.

त्यांनी सावकाश मान वर केली. खिडकीच्या ग्रीलचा एकूण एक गज सरळ उभा होता.