अच्युतरावांचा चष्मा

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या त्या दोन कंपन्यांची जुंपली की मालिनीबाईंना आनंद व्हायचा. "भांडा मेल्यांनो, भांडा," त्या म्हणायच्या. कारण एकमेकींवर कुरघोडी करायला त्या कंपन्या पडद्यावरची चित्रं अधिकाधिक हुबेहूब करत, आणि प्रत्येक भांडणागणिक संगणकावरच्या कॅरमच्या खेळातले त्यांचे दिवंगत यजमान थोडे अधिक खरे व्हायचे. अच्युतराव हयात असतानाच त्यांचा चेहरा, आवाज, लकबी खेळात उतरवून घेतल्या होत्या. एका कंपनीने त्यांच्या कानातले पांढरे केस आणले, तर दुसरीने ईर्षेने हनुवटीवरची दाढी करताना कापल्याची खूण.

आज नवी करामत आली होती, खरीखुरी प्रतिबिंबं.

"अगं, खेळतेस ना? राणी अजून बोर्डावरच आहे," स्क्रीनवरून अच्युतराव म्हणाले.

"थांबा हो. आधी तुमचा चष्मा बघू दे."

मालिनीबाईंनी चित्र मोठं केलं. काचेवर बोटाचा डागसुद्धा होता. काचेत कॅरमबोर्ड दिसत होता, खिडकी दिसत होती, वाऱ्याने हलणारा पडदा दिसत होता. त्यांनी लगबगीने केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि अजून जवळ वाकून पाहिलं.

काचेत बोर्डापलीकडची मालिनीबाईंची खुर्ची रिकामी होती.

"आज छान दिसतेस," त्या खुर्चीकडे बघत अच्युतराव म्हणाले.